मी न पाहिलेली मॅच

रहिमतपुरात आमच्या कट्ट्यावर फुटबॉलचा एक नियम आहे, आणि तो मीच केलेला आहे. एखाद्या खेळाडूची बाजू घ्यायची असेल तर पेपरात वाचलेलं चालतं, टीव्हीवर बघितलेलं चालतं, पाहुण्यानं सांगितलेलंसुद्धा चालतं. पण त्याची खोट काढायची असेल तर त्याला मैदानात, स्वतःच्या डोळ्यांनी खेळताना बघितलेलं पाहिजे. नाहीतर तोंड बंद ठेवायचं. नियम केला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या आणि मीही जरा फुगलो होतो. आता तो नुसता आठवला तरी माझी मलाच लाज वाटते.

कट्टा म्हणजे काय, तर सलूनच्या बाहेरचा लाकडी बाक. रविवारी सकाळी आम्ही चौघं तिथं जमतो. एक सलूनवाला. दुसरे समोरचे पंक्चरवाले चाचा. तिसरा मी, गावातल्या हायस्कुलात क्लार्क, म्हणून सगळ्यांचा भाऊसाहेब. आणि चौथा आमचा लेफ्ट बॅक.

लेफ्ट बॅक म्हणजे खरोखरचा लेफ्ट बॅक, मैदानाची डावी बाजू राखणारा. अठराव्या वर्षी फौजेत गेला, तिथं फौजेच्या टीममध्ये खेळला आणि तिथून मुंबईच्या एका हिरव्या जर्सीच्या क्लबनं त्याला घेतला. पगारी खेळाडू. आमच्या भागात तोपर्यंत कुस्ती आणि कबड्डी सोडून कुणाला काही सुचत नव्हतं. कोल्हापूरकडचे लोक फुटबॉलवरून भांडतात म्हणून आम्ही हसायचो. पण हा गेला आणि सगळं गाव त्या हिरव्या क्लबचं झालं. दोन सीझन खेळला, परत आला, ऊस बघायला लागला. गेली काही वर्षं सकाळी आमच्या शाळेच्या मुलींना फुटबॉल शिकवतो. बोलायला एकदम मऊ. बाकावर बसून आमचं भांडण ऐकायचा, स्वतःविषयी चकार शब्द काढायचा नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी क्लबनं फोनवरून आपल्या चाहत्यांना विचारलं की आजवरच्या आपल्या खेळाडूंतले सगळ्यात मोठे अकरा कोण, ते कळवा. झालं! आम्हाला कामच मिळालं. चौघांनी मिळून एकच यादी पाठवायची ठरली. सलूनवाल्यानं दुकानाची एक फळी काढून भिंतीला टेकवली आणि हातात खडू घेतला.

गोलकीपर लगेच ठरला. स्ट्रायकरवरून चाचा आणि सलूनवाला यांची इतकी जुंपली की दाढीला आलेलं गिऱ्हाईक अर्ध्या साबणानिशी बाहेर येऊन ऐकत उभं राहिलं. मधल्या फळीत मला एक केरळचा खेळाडू हवा होता. चाचांनी दुसराच काढला. मी त्यांच्या माणसाची खोट काढायला गेलो, तर चाचांनी विचारलं, बघितलाय का मैदानात? बघितला नव्हता. गप्प बसावं लागलं. माझ्याच नियमानं मला गप्प केलं याचा मला इतका राग आला की कान तापले. मी वादाला बसलो की असाच असतो. मला समोरचं माणूस दिसत नाही, नुसता मुद्दा दिसतो. बायको म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी पुजाऱ्याशी वाद घालून याल. खरं आहे ते.

तेवढ्यात सलूनवाल्यानं कुणाला न विचारता लेफ्ट बॅकच्या जागी आमच्या माणसाचं नाव लिहून टाकलं. तो लाजला. खोडा रं ते, म्हणाला. पण चेहरा असा खुलला होता की पन्नाशी उलटलेला माणूस आहे हे विसरायला व्हावं. चाचा म्हणाले, राहू दे, आपला माणूस आहे.

मी त्या वेळी चहा पीत बसायला हवं होतं. दुसरं काहीही करायला हवं होतं. पण मी म्हणालो, गावचा आहे म्हणून घालताय का? ही यादी गावची आहे का क्लबची? तिथं नऊ वर्षं खेळलेला गोव्याचा लेफ्ट बॅक आहे, त्याचं काय? सलूनवाला हसला आणि म्हणाला, भाऊसाहेब, नियम तुमचाच. खोट काढायची तर बघितलेलं पाहिजे.

"बघितलंय," मी म्हणालो. "सेमीफायनलला मी होतो तिथं. गोल याच्याच बाजूनं आला. अडवायला याचा पाय उशिरा पडला."

आता ही सेमीफायनल काय, ते सांगायला पाहिजे. बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. क्लब सेमीफायनलला पोचला होता आणि आमचा माणूस खेळणार होता. मॅच टीव्हीवर दिसणार नव्हती. माझा मेव्हणा तासगावचा, त्याच्या द्राक्षांचा टेम्पो वाशीला निघाला होता. मी साताऱ्याला त्यात चढलो. गावातून मॅचला जाणारा मी एकटाच, म्हणून सगळं गाव मला एसटी स्टँडवर कौतुकानं निरोप द्यायला आलं होतं. लेफ्ट बॅकची आईसुद्धा आली होती. तिनं माझ्या हातात दशम्यांचं फडकं दिलं आणि म्हणाली, माझ्या पोराला नीट बघून ये बाबा.

खंबाटकीच्या घाटात टेम्पोचं इंजिन तापलं. पाणी ओतून, थांबून, पुन्हा ओतून आम्ही कसेबसे निघालो. मी स्टेडियमच्या दारात पोचलो तेव्हा लोक बाहेर पडत होते. एकानं सांगितलं, एक गोलनं हरले. मी तसाच माघारी फिरलो. इतका तोरा मिरवत गेलेला माणूस, गावात काय सांगणार? टेम्पो तापला म्हणून सांगितलं असतं तर लोक दोन दिवस हसले असते आणि विसरले असते. पण मी म्हणालो, पाहिली मॅच. त्याची आई घरी आली तेव्हा तिला तर मी रंगवून सांगितलं. तुमचं पोरगं कसं पळालं, कसं अडवलं, पब्लिकनं कशा टाळ्या वाजवल्या. माउली पदर डोळ्याला लावून ऐकत होती. त्या दिवसापासून मी मॅच पाहिलेला माणूस झालो. पुढं पुढं तर मलाच वाटायला लागलं की पाहिली असावी.

गोल कुणाच्या बाजूनं झाला हे मला पेपरातल्या एका ओळीवरून माहीत होतं. बचावाच्या डाव्या बाजूनं आलेल्या पासवर गोल, एवढंच छापलं होतं. पाय उशिरा पडला हे मी त्या रविवारी बाकावर बसल्या बसल्या, राग आला म्हणून, मनानं जोडलं.

 लेफ्ट बॅक बाकावर माझ्याजवळ सरकला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी आणखी भांडलो असतो.

"भाऊसाहेब, खरं सांगा," तो म्हणाला. "माझा पाय उशिरा पडला व्हता?"

मग त्यानं जे सांगितलं ते आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. गोल झाला त्याच क्षणी त्याचं डोकं आपल्याच टीमच्या कीपरच्या गुडघ्यावर आपटलं. शुद्धीवर आला तो दवाखान्यात. गोल कसा झाला हे त्याला आठवतच नाही. कुणी म्हणालं कीपर फसला, कुणी म्हणालं हा फसला. त्या सीझननंतर क्लबनं त्याला सोडला आणि का सोडला हे कुणी सांगितलं नाही. एवढी वर्षं तो मनाशी म्हणत आला होता की चूक कीपरची असणार. मला कधी विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटत होती, असं म्हणाला.

अजूनही वेळ गेलेली नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं. चाचा बघत होते, सलूनवाला खडू धरून उभा होता, ते साबण लावलेलं गिऱ्हाईकसुद्धा बघत होतं.

"व्हय," मी म्हणालो. "उशिरा पडला."

त्यानं मान हलवली. सलूनवाल्याच्या खांद्यावरचं फडकं घेऊन स्वतःचं नाव स्वतः पुसलं आणि घरी गेला.

सोमवारी सकाळी तो ऑफिसात आला आणि माझ्या टेबलावर त्याची शिट्टी ठेवली. पोरींना दुसरा कुणीतरी बघा म्हणाला. मी विचारलं, का रं? तर म्हणाला, पाय कवा टाकायचा तेवढंच तर मी शिकवतो, आणि मलाच ते जमलं न्हाई म्हणल्यावर कुठल्या तोंडानं शिकवू? मी त्या क्षणीही खरं सांगितलं नाही. शिट्टी ड्रॉवरमध्ये शिक्क्यांशेजारी टाकली. मी भित्रा माणूस आहे, हे मला तेव्हा पुरतं कळलं. वाद घालणारी माणसं धाडसी असतात असा लोकांचा समज असतो, पण तो चुकीचा आहे.

पुढचे तीन आठवडे मुली आपल्या आपण पळत होत्या. माझ्या खिडकीतून मैदान दिसतं. मी खिडकी लावून घेत होतो. रविवारी बाकावर तो येत नव्हता. चाचांनी एकदा नुसतं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, तुमी बघितलेलं व्हतं, तुमी तरी काय करणार. मी चहा तसाच ठेवून उठलो.

मग सांगलीला मुलींची मॅच लागली. तारीख ठरलेली, माघार घेता येत नव्हती. एक बाई आणि मी असे दोघं मुलींना घेऊन गेलो. खेळ शिकवणारं सोबत कुणी नाही. शेवटच्या पाच मिनिटांत गोल बसला आणि आम्ही हरलो. डाव्या बाजूला खेळणारी मुलगी, नववीतली, मैदानातून सरळ माझ्याकडं आली. गुडघ्याला माती, डोळ्यांत पाणी.

"भाऊसाहेब, माझ्यामुळं गोल झाला का वो? तुमी बघत व्हता न्हवं?"

मी बघत नव्हतो. टेबलावर मुलींचे वयाचे दाखले लावत बसलो होतो. सवयीनं तोंडात आलं होतं की नाही पोरी, तुझी चूक नव्हती. चांगलंच वाक्य होतं, तिला बरंही वाटलं असतं. पण तिच्या तोंडाकडं बघून मी थांबलो. हिलाही मी असंच काहीतरी चिकटवून देणार, आणि ही ते जन्मभर घेऊन फिरणार.

"मी बघितलं नाही बाळ," मी म्हणालो. "माझं लक्ष नव्हतं."

ती रुसली, पाणी प्यायला निघून गेली. एवढं साधं होतं ते. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य बोललो आणि आभाळ काही कोसळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शिट्टी खिशात घालून त्याच्या रानात गेलो. तो उसाला पाणी पाजत होता. मी बांधावरूनच सुरुवात केली, कारण जवळ गेलो असतो तर पुन्हा धीर सुटला असता. टेम्पो, घाट, स्टेडियमचं दार, बाहेर पडणारे लोक, पेपरातली एक ओळ, सगळं सांगितलं. गोल कसा झाला ते मला ठाऊक नाही म्हणालो. तुझा पाय वेळेवर पडला का उशिरा, हे मला काय, कुणालाच ठाऊक नसेल. मी खोटं बोललो. मला माफ कर म्हणायचं तोंड नाही मला, पण शिट्टी घे.

त्यानं खोरं खाली ठेवलं, हात पँटीला पुसले आणि शिट्टी घेतली. उद्यापास्नं येतो पोरींकडं, म्हणाला. एक शिवी नाही, काही नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच गाडीकडं निघालो. खरं सांगायचं तर सुटलो असंच वाटलं. किल्ली लावली तेव्हा त्याची मागून हाक आली.

"भाऊसाहेब, म्हंजे तुमी आत गेलाच न्हाई?"

"नाही."

 सरी भरून पाणी बांधावरून वाहायला लागलं होतं, तरी त्यानं ते वळवलं नाही.

"आमची आई जाईस्तोवर सांगायची सगळ्यांना," तो म्हणाला. "माझं पोरगं कसं खेळायचं, ते भाऊसाहेबांनी बघितलंय. घरातलं तर कुणी कवा आलंच न्हाई मुंबईला. पाय उशिरा पडला म्हणला तुमी, तवा लय वाईट वाटलं. पर वाटलं, बघितलं तरी व्हतं कुणीतरी." मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "म्हंजे मला मैदानात खेळताना गावातल्या कुणीच बघितलं न्हाई."

तो माझ्या उत्तराची वाट बघत होता. या वेळी तरी मला खरं बोलायचं होतं.

"कुणीच नाही," मी म्हणालो.