ठेवा, बघतो

मी नेमणुकीचं पत्र पुढं केलं. दोन्ही हातांनी, अदबीनं, मायनं सांगितलं होतं तसं. भाऊसाहेबांनी हात पुढं केला नाही.

"ठेव तिथं," ते म्हणाले.

तिथं म्हणजे टेबलाच्या कोपऱ्यावर. मी ठेवलं. मग त्यांनी ते उचललं. आडनावाशी थांबले. गावाचं नाव वाचलं. वर बघितलं.

"जयभीमवाल्यांची का?"

"हो."

"बी.ए.?"

"हो."

"बरंय. आता सरकारच घरपोच पाठवायलंय."

खोलीत चार कारकून होते. चौघंही हसले. माझ्या मागं एक मुलगा उभा होता, माझ्यासारखाच, त्याच योजनेतून आलेला. त्याचं पत्र भाऊसाहेबांनी हातात घेतलं. त्याच्या वडिलांची खुशाली विचारली. त्याला खुर्ची दिली. मी दाराजवळ उभी होते, चपला काढतात तिथं. दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभीच होते.

ही बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याची कचेरी. कोणत्या, ते सांगत नाही. सगळ्याच तालुक्यांत एक भाऊसाहेब असतो. आमचे भाऊसाहेब अव्वल कारकून होते. वरचे साहेब बदलून जात, हे जात नसत.

सरकारनं योजना काढली होती. पदवी झालेल्या पोरापोरींना काही महिने सरकारी कचेरीत काम शिकायला पाठवायचं आणि शेवटी अनुभवाचं प्रमाणपत्र द्यायचं. मी परळीला मावशीकडं राहून बी.ए. केलं होतं. औष्णिक केंद्राची राख रोज केसांतून झटकून कॉलेजला जायचे. आमच्या वस्तीवरची पदवी घेतलेली मी पहिलीच. यादीत माझं नाव लागलं तेव्हा मायनं साखर वाटली. मग हळूच म्हणाली, "तितं लागलीस तर आपल्या रस्त्याचं बघ गं."

आपला रस्ता म्हणजे आमच्या मसणवट्याचा रस्ता. वस्तीपासून निघतो, एका शेताच्या कडेनं जातो. शेताच्या मालकानं त्यावर तार ओढली होती. आमची मयतं कित्येक पिढ्या तिथूनच गेली होती. मालक म्हणायचा, माझ्या रानातून मुडदा जाणार नाही. त्यात माझा मोठा चुलता अंथरुणाला खिळलेला. अण्णा म्हणायचो आम्ही त्यांना. तेच हसत म्हणायचे, "माज्या आदी रस्ता करा रं."

पहिले पंधरा दिवस मी पाणी भरलं. फायली उचलल्या. कप विसळले, तेही दुसऱ्यांचे. माझा चहा कधी आलाच नाही, त्यामुळं माझ्या कपाचा प्रश्न त्यांनी आपसूकच मिटवला होता. माझं नाव कुणी घेत नसे. "ए योजनेवाली" म्हणायचे. मी "जी" म्हणायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कशाला म्हणतात ते मला तिथं कळलं.

मग आवक टेबलावरच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि भाऊसाहेबांनी मला तिथं बसवलं. आवक म्हणजे लोकांचे अर्ज घ्यायचं टेबल. अर्ज आला की त्यावर तारखेचा शिक्का मारायचा, वहीत नोंद करायची, नंबर टाकायचा आणि दुसऱ्या प्रतीवर तोच शिक्का मारून माणसाच्या हातात द्यायची. त्याला पोच म्हणतात. मला वाटलं, हे तर सोपं आहे.

"सोपं न्हाई," भाऊसाहेब म्हणाले. त्या दिवशी ते माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलले. "नंबर पडला की अर्ज जित्ता व्हतो. जित्ता झाला की उत्तर द्यावं लागतंय. समदेच जित्ते केले तर कचेरी चालंल का?"

मग त्यांनी शिकवलं. गाडीतून उतरतो त्याला पोच. वकील बरोबर असतो त्याला पोच. पांढऱ्या कपड्यातल्याला पोच आणि वर चहा. बाकीच्यांना दोनच शब्द सांगायचे. ठेवा, बघतो. माणूस गेला की तो कागद खालच्या खणात टाकायचा. शिक्का नाही, नोंद नाही. माणसं भोळी असतात. कचेरीनं कागद घेतला यातच त्यांना आनंद होतो. हात जोडून जातात.

मी शिकले. लवकर शिकले, हे मला सांगितलंच पाहिजे. माणूस दारात दिसला की कोणता खण ते मला कळायचं. ठेवा, बघतो. म्हातारे, बाया, लमाण तांड्यावरचे, आमच्यातले. ठेवा, बघतो. एक दिवस भाऊसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगी हुशार हाय, बरं का." त्या दिवशी मला खुर्ची मिळाली, एक हात तुटलेली. घरी जाताना मी एसटीत खुशीत होते. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागं, ती म्हण माझ्यासाठीच केलेली.

आमच्या रस्त्याचा अर्ज मीच लिहिला. रविवारी, घरी, सुवाच्य अक्षरात. गट नंबर टाकला. बायांचे अंगठे घेतले. मायला म्हणाले, तू घेऊन ये, मी आहे ना तिथं.

मंगळवारी माय आली. बरोबर वस्तीवरच्या तिघी. मायनं सणाचं लुगडं नेसलं होतं. ती टेबलापाशी आली आणि तेवढ्यात भाऊसाहेब माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. मायच्या हातातला कागद त्यांनी लांबूनच वाचला.

"कोणता गट? तो आमच्या मेव्हण्याचा न्हवं का?"

शिक्का माझ्या उजव्या हाताशी होता. शाई ओली होती. भाऊसाहेबांचा श्वास माझ्या मानेवर येत होता. मी मायकडं बघितलं नाही. टेबलाच्या कोपऱ्याकडं बघितलं.

"ठेवा तिथं," मी म्हणाले. "बघतो."

मायनं कागद कोपऱ्यावर ठेवला.

"बरं, मॅडम," ती म्हणाली.

माझी माय. मला मॅडम म्हणाली. माझं नातं त्या लोकांना कळू नये, माझी खुर्ची जाऊ नये, म्हणून म्हणाली. चौघी हात जोडून गेल्या. मी कागद खालच्या खणात टाकला. घरी मायनं विषय काढला नाही. मीही काढला नाही. उद्या शिक्का मारते, परवा मारते, भाऊसाहेब नसताना मारते, असं स्वतःला सांगत राहिले. भाऊसाहेब रजेवर गेले त्या दिवशीही मी मारला नाही. भीती एकदा अंगवळणी पडली की तिला समोर माणूस लागत नाही.

दोन महिन्यांनी अण्णा गेले.

सकाळी गेले. दुपारी बारा वाजता तिरडी तारेपाशी पोचली. पलीकडं मालक आणि त्याची माणसं काठ्या घेऊन उभी. तिरडी खाली ठेवली. ऊन असं की अण्णांच्या तोंडावर छत्री धरावी लागली. ती मी धरली. फोन गेले. तीन वाजता तलाठी आला. त्यानं आम्हाला एकच विचारलं.

"रस्त्याचा अर्ज केलता का तुमी?"

"केलता की," माय म्हणाली.

"पोच दाखवा."

मायनं माझ्याकडं बघितलं. क्षणभरच. सगळ्या वस्तीला माहीत होतं की मी त्याच टेबलावर बसते. मला बोलायचं होतं. मी अण्णांवरची छत्री सरळ केली.

"न्हाई साहेब," माय म्हणाली. "आमी अडाणी माणसं. आमीच मागितली न्हाई."

तलाठ्यानं कचेरीला फोन लावला. पलीकडून भाऊसाहेबांचा आवाज मला ऐकू आला. असला कुठलाच अर्ज आवकला नोंदलेला नाही, ते म्हणाले. आणि ते खरं होतं. तलाठी म्हणाला, अर्जच नाही तर आम्ही काय करणार. मालकाची माणसं हसली. अण्णांना आम्ही ओढ्यातून नेलं, गावाच्या उकिरड्याच्या बाजूला. तिरडीच्या मागं चालताना घाण पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत होतं. ओल्या जागेवर सरण धड पेटलं नाही. माझ्या चुलत्याला जाळायला संध्याकाळ झाली आणि त्याचं कारण मी होते. भाऊसाहेब होते, मालक होता, पण मीही होते.

चौथ्या दिवशी मी कचेरीत गेले. भाऊसाहेब बाहेर चहाला गेले होते. मी खालचा खण ओढून काढला, सगळाच, आणि टेबलावर उलटा केला. वही उघडली. वरचा कागद घेतला. शिक्का. नोंद. नंबर. दुसरा कागद. शिक्का. नोंद. नंबर. निराधारांचे पगार, शिधापत्रिका, विहिरीची मोजणी, एका बाईच्या मेलेल्या नवऱ्याचं वारसपत्र. हे सगळे अर्ज मीच ह्या खणात मारून ठेवले होते. अक्षर चांगलं येत होतं.

भाऊसाहेब आले तेव्हा सोळा झाले होते.

"हे कावून करायलीस? कुणी सांगितलं?"

"तुमीच शिकवलं. नंबर पडला की अर्ज जित्ता व्हतो."

"प्रमाणपत्र माज्या सहीनं निघतंय. ध्यानात हाय ना?"

मी सतरावा कागद घेतला. तो आमचा होता. शिक्क्यावर तारखेची चाकं असतात, बोटानं फिरवता येतात. दोन महिने मागं फिरवावीत असं एकदा वाटलं. पण वहीत वरती आजचे सोळा नंबर होते. खोटी तारीख टाकली असती तर तेवढ्यावरूनच त्यांनी तो अर्ज पुन्हा मारला असता. मी आजची तारीख टाकली. त्यामुळं सरकारी दप्तरात असं लिहिलं गेलं की अण्णा मेले, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी आम्हाला रस्ता मागायचं सुचलं. ती ओळ माझ्याच अक्षरात आहे. कायम राहील.

अठराव्या कागदाला भाऊसाहेबांनी शिक्का हिसकावला. शाई माझ्या तळहाताला लागली. इतक्या महिन्यांत माझ्या हाताला त्यांचा हात लागला तो तेव्हाच.

"निघ. उद्यापासून येऊ नको. ह्यांना खुर्ची दिली की डोक्यावर बसतेत."

प्रमाणपत्राऐवजी शेरा मिळाला. कामात रस नाही, वर्तन उद्धट. नंतर निरोप आला की माफी लिहून दिली तर शेरा बदलता येईल. माय म्हणाली, "दे लिहून. इतकं शिकलीस, मातीत कावून घालतीस?" मी चिडले, ओरडले. मग रडत सांगितलं की अर्ज मीच खणात टाकला होता, मुद्दाम टाकला होता.

"मला ठावं हाय," माय म्हणाली. "तू माज्याकडं बघितलं न्हाईस, तवाच कळलं मला."

तिनं मला जवळ घेतलं नाही. चुलीकडं वळली. मला तेच बरोबर वाटलं. माफी मी लिहून दिली नाही.

आता मी कचेरीबाहेर लिंबाखाली बसते. लोकांचे अर्ज लिहिते, दोन प्रती काढायला लावते आणि त्यांच्याबरोबर आत जाते. माझ्या टेबलावर आता नवी मुलगी आहे, योजनेतलीच. परवा मी आमच्या रस्त्याचं स्मरणपत्र घेऊन गेले. तिनं माझ्याकडं न बघता कोपरा दाखवला.

"ठेवा तिथं, बघतो."

अगदी माझाच आवाज. मी कागद ठेवला नाही. तिच्यासमोर तसाच धरून उभी राहिले.

"ठेवणार नाही. हातात घे. आधी शिक्का, मग नंबर, मग माझी पोच."

तिनं मागं बघितलं. भाऊसाहेब खुर्चीत रेलून बसले होते. "मार बाई शिक्का," ते म्हणाले, "न्हाईतर इथंच बसंल ती." मग मला म्हणाले, "किती कागदं आणशील? रस्ता काय उद्या व्हायलाय का?"

"नाही होणार," मी म्हणाले. "माहीत आहे मला. पण एक ऐकून ठेवा. आमचं पुढचं मयत ओढ्यातून जाणार नाही. ते इथं येईल. ह्या दारात, तुम्ही चपला काढता तिथं. तिरडी खाली ठेवीन आणि तुम्हाला सांगीन, ठेवलंय. आता बघा."