सरांच्या शर्टाची उलटी बाजू
ओलसर कापडावर गरम इस्त्री फिरल्याचा वास आला, की मला लातूरची माझी खोली आठवते. बारावीच्या क्लाससाठी देवणीहून आलेली मी वर राहायची आणि खाली एका चाचांचं शिलाईचं दुकान होतं. खाडाखोड दिसली की आमचे सर मार्क कापायचे, म्हणून एक अक्षर चुकलं तरी मी अख्खं पान फाडायची आणि सराव पेपर कधीच वेळेत पुरा व्हायचा नाही. एकदा रडवेली होऊन मी चाचांना विचारलं, "तुमचं कधीच चुकत नाही का हो?" त्यांनी इस्त्रीखालचा कडक पांढरा शर्ट उचलून उलटा केला. आत उसवून पुन्हा मारलेल्या वाकड्या टिपा होत्या. "रोजच चुकतंय, बेटा. म्हून तर आत बोटभर कापड जास्ती ठेवतो. हा तुमच्या सरांचाच हाय." दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून सर फळ्यापुढं उभे राहिले आणि मला हसू आवरेना. "का हसायलीस?" सर ओरडले. त्या दिवशी चुकलेल्या ओळीवर सरळ आडवी रेघ मारून मी पहिल्यांदा पेपर पुरा केला. आता मीच क्लास घेते. माझ्या इस्त्रीच्या कुर्त्याकडं बघून एखादी पोरगी हसली, तर मी तिला कारण विचारत नाही.