नलूचा तानपुरा, काळी चार

फोनवर नलूच्या मुलीचं नाव दिसलं आणि मी तो नुसता वाजू दिला. उचलायची हिंमतच होईना. मी मुळातच भित्री, पण त्या सकाळी माझी भीती खरी ठरली… नलू गेली. दिवसपाणी उरकल्यावर मुलगी म्हणाली, "मावशी, क्लास आता तू घे ना. नाहीतर बंदच करावा लागेल."

नलू माझी शाळेपासूनची मैत्रीण. मुलुंडला तळमजल्यावर, तिच्या पुढच्या खोलीत गाण्याचा क्लास चालायचा. आम्ही दोघी एकाच गुरुजींकडे शिकलो. तिथे सिनेमातलं गाणं नुसतं गुणगुणलं तरी दाराबाहेर बसावं लागे. मी अजून तशीच शिकवते, आधी सा, मग अलंकार, मग भूप. नलूचं सगळं उलटं. नवं मूल आलं की ती तानपुऱ्याचा इलेक्ट्रॉनिक डबा बंद करायची. "तुमच्या घरी काय गातात, ते गा." कोणी हळदीतलं कोळीगीत गाई, कोणी मालवणी भजन बेंबीच्या देठापासून ओरडे. रॅप म्हणणारी मुलगी आली तेव्हा मला वाटलं, झाली आता नलूची पंचाईत! तर ही मांडीवर ठेका धरून म्हणते, "लय बघ कसली झकास आहे. हिला आधी तबल्याचे बोल देऊ." बाकीच्यांचा सा ती पेटीवर शोधायची, तानपुरा त्या सुरावर लावायची आणि त्याच गाण्यातून हळूहळू राग शिकवायची.

मी वैतागायचे. "अगं, वाट लागेल मुलांची! कोळीगीत आणि ख्याल एकाच सतरंजीवर?"

"घरचं गाणं बाहेर काढून ठेव म्हटलं तर मूल आत येईल का गं? आपण दोघी किती वर्षं घाबरत गायलो, आठव."

आठवत होतं. तिची भीती गेली, माझी राहिली.

गेल्या शनिवारी तिच्या जागेवर बसले. डबा सुरू केला, तर सूर पेटीच्या काळी चार पट्टीचा. शेवटच्या मुलासाठी नलूनेच लावलेला सूर… तो तसाच वाजत ठेवला. समोर नवी मुलगी बसली होती. आईने सांगितलं, गावाला गौरीची गाणी म्हणते. "म्हण बाळा," मी म्हटलं. तिचा आवाज त्याहून खालचा. दोन ओळी कशाबशा म्हटल्या आणि डब्याकडे बघत गप्प झाली. तो चेहरा मी ओळखला, गुरुजींसमोर माझा असाच व्हायचा. 'अजून वर घे' म्हणणं किती सोपं होतं! नलूचा सूर राहिला असता. आणि ही पोरगी पुढच्या शनिवारी आली नसती. पण बटण फिरवलं की नलूने लावलेलं शेवटचं काहीच उरणार नव्हतं. मला रडू येईल, सगळ्यांसमोर येईल, याची भयंकर भीती वाटली.

डबा बंद केला. तिला पुन्हा गायला लावलं, पेटीवर तिचा सा शोधला. काळी तीन. मग बटण फिरवलं.

"आता म्हण," मी म्हटलं. आवाज माझा कापत होता, तिचा नाही.