हळद-चुन्याचा तांबडा लेप

कोंबडीचं दुखणं मला लांबून कळतं. पिसं फुगवून, मान आत ओढून कोपऱ्यात उभी राहिली की समजायचं, बाईचं काहीतरी बिनसलंय. सकाळी दाण्याआधीच गळ्याखालची पिशवी टम्म असेल तर कालचं अन्न अडकलंय. थोडं कोमट पाणी पाजायचं आणि हलक्या हाताने चोळायचं. अंडं अडकलं तर घमेल्यात कोमट पाणी घेऊन तिला बसवायचं. आधी फडफडते, मग अशी डोळे मिटून बसते की उठायचं नावच घेत नाही. इकडे उत्तरेत, सरोजिनी नगरात आमच्या भाड्याच्या घरामागे अंगण आहे, त्यात सहा कोंबड्या आहेत, आणि गल्लीतल्या बायका मला 'मुर्गियों की डॉक्टरनी' म्हणतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

म्हणूनच त्या दिवशीचं सांगायला अजून जिवावर येतं.

कोंबड्या मुळात मामंजींसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी आणल्या. सासूबाई गेल्यावर ते साताऱ्याकडे गावी एकटेच राहत होते. हृदयाचं दुखणं, वेळेवर गोळी घ्यायची नाही. एकदा गोठ्यातच पडले. शेजारीण दूध न्यायला आली म्हणून वाचले. माझा नवरा रेल्वेत इंजिनिअर. तो जाऊन त्यांना इकडे घेऊन आला. चारबाग स्टेशनवर उतरल्या उतरल्या हमाल त्यांच्याशी हिंदीत बोलला तेव्हापासून त्यांचं तोंड जे मिटलं ते मिटलंच. दर पंधरा दिवसांनी कपड्यांची पिशवी भरायचे. "मला गावी पोचवा. इथं मी कुणाच्या काय कामाचा?" पुन्हा एकटे राहिले तर शेजारीण दर वेळी येईल असं थोडंच आहे? हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

कोंबड्या आल्या आणि पिशवी भरणं थांबलं. त्यातली एक ठिपकेवाली तर त्यांच्या खुर्चीखालीच ठाण मांडायची. माझ्याशी दिवसाला चार वाक्यं बोलणारा हा माणूस तिच्याशी तासभर गप्पा मारायचा, तेही अस्सल गावच्या भाषेत. मला राग यायचा, पण आत कुठेतरी हायसंही वाटायचं.

तर त्या सकाळी ठिपकेवालीचा पाय कूलरच्या स्टँडमध्ये अडकला. सोडवला तेव्हा घोटा सुजलेला. मी बोटांनी चाचपून पाहिलं, हाड शाबूत होतं. मामंजी आंघोळीला निघाले होते, दारातूनच म्हणाले, "सूनबाई, तिला जरा वेगळी ठेव."

"मामंजी, एकटी पडली की ती खाणं सोडेल. तुम्ही जा, मी बघते," मी म्हणाले. आंघोळ, मग पूजा. तासभर तरी ते येणार नव्हते.

मुका मार म्हटलं की माझा हात आपोआप हळद-चुन्याकडे जातो. लहानपणी प्रत्येक मुरगळलेल्या पायावर आईने तोच लेप लावला. कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून चुना आणला. तो म्हणाला, "भाभीजी, पान भी लगा दें?" मी म्हटलं, "अरे भैया, मुर्गी के लिए है." गरम लेप केला, फुंकर घालून कोमट केला, पायाला जाड थापला, तिला पुन्हा बाकीच्या पाचजणींत सोडलं आणि मी खुशाल पोळ्या लाटायला गेले.

हळदीत चुना पडला की ती लालभडक होते, हे मराठी घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कोंबडीला लाल दिसलं की ती चोच मारते, हे मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी माझ्याच डोक्यात होत्या, पण एकमेकींना भेटल्या नाहीत.

गलका ऐकून धावले तेव्हा पाचही जणी तिच्यावर तुटून पडल्या होत्या. लेप उकरून त्यांनी खाली कातडी फोडली होती, आणि रक्त दिसल्यावर तर त्यांना ऊतच आला होता. मी झाडूने त्यांना हाकललं. तिला उचललं तर अंगात जीव नसल्यासारखी हातावर पडली. उघड्या जखमेत चुना म्हणजे आगच. नळाखाली पाय धरून धू धू धुतला, स्वच्छ फडका दाबून रक्त थांबवलं, आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "मैडम, चूना किसने बताया आपको?" मग त्यांनी जखमेवर जांभळं औषध लावायला सांगितलं, म्हणजे लाल दिसणार नाही, आणि तिला खोक्यात उबेत ठेवायला.

एवढ्यात मामंजी पूजा आटोपून आले. खोक्यात पाहिलं आणि खुर्ची ओढून जवळ बसले. "काय झालं गं?"

आणि मी, गल्लीची डॉक्टरनी, म्हणाले, "मुंगूस शिरलं असावं."

त्यांनी मागच्या फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "कडी मीच काढली होती. भाजीवाला आला म्हणून गेलो, अन् लावायची विसरलो. एक मुकं जनावर सांभाळलं नाही मला." उठले, खोलीत गेले, आणि कपाटावरून पिशवी काढल्याचा आवाज मला अंगणात ऐकू आला. आतूनच म्हणाले, "त्याला फोन लाव. उद्याचं तिकीट काढ म्हणावं."

मी फोन लावलाही. नवऱ्याचा "हां, बोल" ऐकला, "मामंजींना गावचं तिकीट हवंय" एवढं सांगितलं, आणि मला स्वतःची लाज वाटली. माझी डॉक्टरकी वाचवायला मी या माणसाला एकट्याने मरायला पाठवत होते. फोन तसाच चालू ठेवून मी खोलीत गेले. "मामंजी, मुंगूस नव्हतं. मी हळद-चुना लावला आणि तिला त्यांच्यात सोडली. तुम्ही वेगळी ठेव म्हणाला होतात."

ते वळले. वर्षभरात माझ्याशी आवाज न चढवलेला माणूस असा कडाडला की फोनमधून नवरा "काय झालं, काय झालं" करू लागला. "तांबडं लावून सोडलीस? कोंबड्यांत? अगं, एवढी शिकलीस ती कशाला? अक्कल गहाण टाकलीस काय?" ते मला तरातरा ओलांडून अंगणात गेले, खोक्यासमोर उकिडवे बसले, तिची चोच उघडून पाहिली. "नुसती बघत काय उभी राहिलीस? गूळ-पाणी आण. कोमट. अन् एक चमचा."

मी आणलं. एकेक थेंब ते चोचीच्या कडेला सोडत राहिले. चौथ्या-पाचव्या थेंबाला तिने घोट घेतला.

फोनमधून नवऱ्याने विचारलं, "बाबा, तिकीट कधीचं काढू?"

"कसलं तिकीट?" मामंजी मान वर न करता म्हणाले. "हिच्या भरवशावर सहा जीव सोडून जाऊ? तुझी बायको मारून टाकील सगळ्यांना."

वीस वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल इतकं वाईट कुणी बोललं नव्हतं. मी म्हणाले, "हो मामंजी, मारीनच."