मामी, माय आणि पोट्टं

माझी कौसल्यामामी अंगणात उकिडवी बसून, गुडघ्यांवर हनुवटी टेकवून एखाद्या गोष्टीकडे इतका वेळ पाहत राहायची की नवख्या माणसाला वाटावं, बाईचं काहीतरी हरवलंय. कधी खुडूक कोंबडी, कधी मुंग्यांची रांग. तिकडे चुलीवर वरण उतू जायचं आणि मामा ओसरीवरून ओरडायचे, "अवो, काय पाहून राह्यली तिथं? शिनेमा हाय का?"

"हाव," मान न वळवता ती म्हणायची. "या तुम्हीबी."

रोहिणखेडमध्ये तिला आळशी म्हणत. "आंधी पाह्य, मंग बोल," हे तिचं लहानथोर सगळ्यांना एकच सांगणं. मला ते सोयीचं होतं, कारण बोलायला मला कधीच जमत नसे. वडिलांच्या सारख्या बदल्या होत, म्हणून मी नागपूरला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात राहायची आणि सुट्ट्यांत मामांकडे यायची. माझं पुस्तकी मराठी ऐकून गल्लीतल्या मुली हसत. मामी हसली नाही. ती मला शेजारी बसवून घेई, आणि आम्ही दोघी पाहत बसू.

कासवं आली तेव्हा मी लहान होते. मलकापूरहून गुजरातेत रुईच्या गाठी नेणाऱ्या एका ट्रकवाल्यानं परतताना ती मामांना आणून दिली. एक ताटाएवढं, दुसरं जेमतेम वाटीपेक्षा मोठं. दोघांच्या काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या. "इहिरीत सोडा, पानी साफ राह्यते," तो म्हणाला. विहिरीत कासव सोडायची आमच्याकडे रीतच आहे. मामांनी मोठं कासव बादलीत घालून खाली सोडलं. मामी काठावरून वाकून पाहत होती.

"काढा त्याले. बुडून राह्यलं."

"कासव बुडते कुठी?" मामा हसले.

"त्याचे पाय पाहा ना. हत्तीसारके हायेत. पोहनाऱ्याचे पाय असे राह्यतात का?"

बादली पुन्हा खाली गेली. तेव्हापासून ती दोघं अंगणात राहू लागली.

नावं मामीनंच ठेवली. मोठी ती माय, छोटं ते पोट्टं, म्हणजे तिचं पोरगं. कीर्तनात बुवा सांगायचे की कासवी पिल्लांना पाजत नाही, दुरून नुसत्या नजरेनं वाढवते. आणि मोठं कासव खरोखरच तुळशीपाशी मान बाहेर काढून छोट्याकडे तोंड करून बसलेलं असे. मग शंकाच उरली नाही. गल्लीतल्या बायका मायला हळदकुंकू वाहू लागल्या. कुणी आपलं तान्हं तिच्यासमोर धरून म्हणे, "पाह्य वो माय, माह्या लेकराकडंबी पाह्य."

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी आषाढात घरात दोन गोष्टी एकदम सुरू झाल्या. एक माझ्या लग्नाचं बोलणं. सोळाव्या वर्षीच मी मामांपेक्षा उंच झाले होते आणि "एवढी मोठी पोरगी" हे शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी होते. वडिलांनी सगळं मामांवर सोपवलं होतं. मलकापूरच्या एका घरची माणसं मला पाहायला येणार होती. मला अमरावतीला कॉलेजात जायचं होतं, पण ते मी कुणापाशी बोलले नव्हते.

दुसरी गोष्ट पोट्ट्यानं केली. ते मायच्या मागे लागलं. कवचाच्या कडेनं तिला ठकाठक धडका द्यायचं, तिच्या मागच्या पायांना चावे घ्यायचं, आणि मग मागून तिच्या पाठीवर चढून तोंड उघडून घरघर करायचं. ओसरीवर डाळ निवडत बसलेल्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले.

"अवं माय! सोताच्या मायवर?" शेजारच्या सुभद्राकाकूंनी तोंडाला पदर लावला. मग मामीकडे न पाहता म्हणाल्या, "ज्याच्या घरात पोर नाही त्यानं कासवाचं पोर पाळलं, आन तेबी असं निघालं."

मामीला मूलबाळ नव्हतं. तिनं सूप उचललं आणि डाळ पाखडली. त्या दिवसापासून हळदकुंकू बंद झालं. मामांना बाजारात लोक विचारू लागले, आणि ते तणतणत घरी आले. "उद्याच त्या पोट्ट्याले डोंगरात सोडून येतो."

"थांबा जरा. पाहू द्या मले."

ती पाहत बसली, आणि मीही तिच्याजवळ. आमच्या शाळेत सिस्टरांनी प्रजननाचा धडा "घरी वाचा" म्हणून सोडून दिला होता. मी खाली मान घालून मातीवर रेघा ओढत होते.

"लाजाचं काय त्यात?" मामी म्हणाली. "ते लाजून राह्यलं का?" मग त्याच आवाजात, कासवांवरची नजर न काढता तिनं विचारलं, "तुले काय करावं वाटते?"

"कॉलेज," मी म्हणाले. एवढा एकच शब्द निघाला.

ती "हं" म्हणाली आणि उठून पोट्ट्याला घेऊन आली. त्याला तिनं मांडीवर उताणं केलं. त्याचं पोट खोलगट होतं, शेपूट लांब आणि जाड. मग मायला उताणं केलं. तिचं पोट सपाट, शेपूट आखूड. मामीनं त्या खोलगट पोटावरून, मग मायच्या फुगीर पाठीवरून हात फिरवला आणि हसायलाच लागली. "पाह्य वो नंदे! एकावर एक बसाले केलेलं हाय हे. आन हे पोट्टं असतं तं वाढलं नसतं का? गल्लीतल्या पोट्ट्याइले मिशा आल्या, हे आलं तेवढंच हाय."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून बायकांना बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणाली, "सुभद्राबाई, हे तिचं लेकरू नाही. पुरा गडी हाय. नाव मी ठेवलं, चूक माही."

"मंग बुवा काय खोटं सांगतात?"

"बुवानं उताणं करून पाह्यलं नसन."

बायका इतक्या हसल्या की सुभद्राकाकूंनाही हसावं लागलं. आपली चूक अशी चारचौघांत, इतक्या मोकळेपणानं सांगणारं मोठं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. माझी मान आपोआप वर झाली.

मामांना सुटल्यासारखं झालं. "चला, मंग हरकत नाही. दोघंबी मोठे हायेत."

"गडी मोठा हाय," मामी म्हणाली. "ते अजून नाही." तिनं मायकडे बोट केलं. धडक बसली की माय डोकं-पाय आत ओढून धपकन जमिनीला बसत होती. मागच्या पायाला रक्त आलं होतं. "आकारानं मोठी हाय म्हणून आपल्याले वाटते. तिचं आंगच नाही म्हणून राह्यलं." तिनं तुराट्यांची एक ताटी बांधली आणि अंगणात दोघांच्या मधे उभी केली.

मलकापूरच्या बाई आल्या तेव्हा ती ताटी तिथंच होती. मुलाची आई जाडसर, शांत चेहऱ्याची होती. मी पोह्यांच्या बशा घेऊन आले, तशी त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मामांना म्हणाल्या, "पोरगी तं चांगली मोठी हाय. तुळशीच्या लग्नानंतर बार उडवून टाकू." मामांनी खुशीनं मान हलवली. बाईंचं लक्ष अंगणात गेलं. "ते मधात ताटी काऊन लावली?"

मामीनं सांगितलं. नाव ठेवण्यातली चूक, धडका, रक्त, काहीच वगळलं नाही. मामा खोकत राहिले.

"मोठी दिसे, म्हणून मोठीच समजलो आम्ही," मामी म्हणाली. "नव्हती."

बाईंनी बशी खाली ठेवली. "तुम्ही कासवाचं सांगून राह्यल्या का पोरीचं?"

"दोघीइचं. पोरीले मी लहानपणापासून पाहून राह्यली. तिले शिकाचं हाय. ताटी मी काढीन, पण तिनं म्हटल्यावर."

बाईंनी उरलेले पोहे सावकाश संपवले. मामांना म्हणाल्या, "दादा, आमची घाई नाही. तुम्ही पोरीले शिकवा." निघताना मामीनं त्यांना कुंकू लावलं, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मले कोनी इचारलं नव्हतं."

"मलेबी नाही," मामी म्हणाली.

मामा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला घेऊन तेच अमरावतीला गेले, आणि प्रवेश झाल्यावर स्टँडवर त्यांनी मला आग्रह करून जिलबी खायला घातली.

पावसाळा आला की ताटी उभी राही. माझं कॉलेज संपत आलं त्या वर्षी पोट्टं ताटीपाशी आलं तरी माय डोकं-पाय आत ओढून घेईनाशी झाली. ताटीला लागून उभी राहायची. मामीनं काही दिवस पाहिलं आणि ताटी काढली. थंडीच्या तोंडाशी मायनं जमीन लघवीनं भिजवली, मागच्या पायांनी उकरली, अंडी घातली, आणि माती दाबून निघून गेली. पुढच्या पावसात त्या जागेतून सुपारीएवढी पिल्लं वर आली, प्रत्येकाच्या पाठीवर इवलीशी चांदणी. माय त्यांच्या जवळून गेली. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बुवाले सांगा लागन," मामी म्हणाली.

त्याच आठवड्यात मी पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला निघाले. मामी फाट्यावर एसटीपर्यंत आली होती. तिथं ओळखीच्या एका म्हातारीनं मला न्याहाळलं आणि मामीला विचारलं, "भाची का वो? एवढी मोठी झाली! लगन झालं का नाही हिचं?"

"तिलेच इचारा ना," मामी म्हणाली.

म्हातारी माझ्याकडे वळली. एसटीची वाट पाहणारी आणखी दोन-चार माणसंही वळली. एरवी मी पायांकडे पाहिलं असतं.

"नाही आजी," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "मले अजून शिकाचं हाय."

मामी पाहत होती.