सालबर्डीच्या नाल्यातली अंडी

अमरावतीच्या एका कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी मुलांना घेऊन मोर्शीच्या पुढे, सालबर्डीकडे खडक दाखवायला गेले होते. नाल्याकाठी शेळ्या चारणारे एक म्हातारे बाबा आमच्या हातोड्या पाहून जवळ आले. "बाई, गोल गोटे पायजेत का तुमाले?" म्हणाले आणि आम्हाला वरच्या अंगाला घेऊन गेले.

तिथे चुनखडकात नारळाएवढे सहा गोटे एकमेकांना टेकून रुतले होते. एकाचं कवच थोडं उडालेलं. भिंगातून पाहिलं तर कवचावर बारीक पुटकुळ्या दिसल्या. साध्या गोट्यावर अशा पुटकुळ्या नसतात. डायनोसॉरची अंडी! या भागावर लाव्हा पसरायच्या आधी घातलेली, कधीच न फुटलेली.

बाबांना सांगितलं, तर ते हसले. "मी तं याच्यावर बसून भाकर खातो."

"आता नका बसू. आणि कोणाला हातही लावू देऊ नका."

त्यांनी त्याच दिवशी बाभळीच्या काट्या आणून भोवती कुंपण घातलं. मी सरकारी कार्यालयाला पत्रं लिहिली. एकाची पोच आली, बस. दरवेळी गेले की बाबा विचारायचे, "आले का तुमचे सायेब?" तीन पावसाळे असेच गेले.

शेवटी माझाच धीर सुटला. बातमी छापली तर कोणी हलेल, असं वाटून मी एका पत्रकाराला सगळं सांगितलं. फोटो दिला, जागाही सांगितली. रविवारी बातमी आली. चौथ्या दिवशी मी पोचले तेव्हा खडकात नुसते छिन्नीचे घाव होते आणि पायाखाली कवचाचा चुरा. बाबा आडवे गेले तर चोरांनी त्यांना ढकललं होतं. हात गळ्यात बांधलेला.

"कावून सांगतलं तुमी?" त्यांनी विचारलं. "म्या पोराले बी नाई सांगतलं."

मी माफी मागितली. ते शेळ्या वळवायला निघून गेले.

महिन्याभराने कार्यालयातून एक साहेब आले. नाला फिरले, वहीत लिहिलं. "मॅडम, इथं तर काहीच नाही." खोटं काय म्हणणार? अहवालातही तेच गेलं. म्हणजे कागदोपत्री आता त्या जागेवर कधीच काही नव्हतं. मी आणखी खोदून बघा म्हणून अर्ज केला, त्याला उत्तर नाही. यंदा आमच्या विभागात पहिल्या वर्षाला एकही प्रवेश झाला नाही, त्यामुळे सहलीचाही प्रश्न उरला नाही.

मध्ये एकदा बाबांच्या घरी गेले. हात जोडला गेला होता, पण वाकडाच. त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं. माझ्याशी मात्र एक शब्द बोलले नाहीत. मी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि एसटी पकडायला निघाले. दारापर्यंतही कोणी आलं नाही.