दुसरा पेला सुलोचनाबाईंचा

"आबा, रंग कसला?"

वॉर्डात शिरताना सुलोचनाबाई नर्सचा हा पहिला प्रश्न. रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही. सत्तरीचा म्हातारा लाजून भिंतीकडं तोंड फिरवायचा.

मी जिल्ह्याच्या दवाखान्यात एक्सरे काढायचो. आतड्यात पांढरं औषध सोडून फोटो घ्यायचा, तर आधी पोट धुतल्यासारखं साफ लागतं. आदल्या दिवशी एरंडेल, पातळ पेज आणि पाणी, पाणी, पाणी. जरा घाण राहिली की गाठ कुठली न् मळ कुठला, काही कळत नाही. "पोट साफ झालं का?" असं विचारलं की म्हातारी माणसं "व्हय" म्हणून मोकळी. बाईमाणसासमोर आणखी काय सांगणार बिचारी? म्हणून बाई रंग विचारायच्या. "चहावानी असंल तर आजून प्या. पान्यावानी झालं की मग व्हय म्हना!"

बाई ईट गावच्या. बौद्ध घरातल्या, घराण्यातली पहिली सरकारी नोकरी त्यांची. त्याचा ताठा चालण्यात दिसायचा आणि मला तो लई आवडायचा.

दुष्काळाच्या साली त्यांच्याच गावचे ज्ञानोबा आबा आले. शौचातून रक्त जात होतं, अंगावर मांस राहिलं नव्हतं. फोटोत गाठ दिसली तर ऑपरेशन, नाहीतर घरी. दोनदा फोटो काढला, दोन्ही वेळा सगळं गढूळ. माझं डोकं फिरलं. फिल्मा काय झाडाला लागतात? डॉक्टर म्हणाले, "आता शेवटची खेप. म्हातारा किती एरंडेल सोसणार?"

तिसऱ्या खेपेला बाई खाटेवर नजर ठेवून राहिल्या आणि चोरी सापडली. खाटेखाली कळशी! बाईंची पाठ वळली की आबा पेला तिच्यात रिकामा करायचे. आधीच्या दोन्ही खेपांचं पाणी असंच कळशीतनं गावी गेलं होतं.

"सून दोन कोसावनं पानी आनती," आबा म्हणाले. "आन् म्या हितं पिऊन संडासात घालवू? पाप लागंल, बाई."

मला वाटलं, आता बाई म्हाताऱ्याला सोलून काढणार. त्यांनी कळशी उचलली, काठोकाठ भरून आणली, वर झाकण ठेवलं.

"ही सुनंची. आता ह्यो पेला तुमचा, ह्यो माझा. तुमी थांबला की मी थांबले."

दुपारभर दोघं पेल्याला पेला पीत होते. आबा संडासाकडं पळायचे, मागोमाग बाई लघवीला. सगळा वॉर्ड हसून लोळला. दुसऱ्या दिवशी फोटो लख्ख आला, गाठ दिसली आणि निघालीही. पुढं आबा नातवाच्या वरातीत नाचले म्हणे.

नोकरीतून मोकळ्या झाल्यावर पाळी बाईंवरच आली. तोवर सोलापुरात आतड्यात घालायची दुर्बीण आली होती. तपासणीच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो, तर एक तरुण नर्स विचारत होती, "आजी, पोट साफ झालं?"

"व्हय," बाई म्हणाल्या.

"बाई, रंग कसला?" मी विचारलं.

बाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "चहावानी."

मी स्टूल ओढलं आणि दोन पेले ओतले.

दुर्बिणीत सगळं स्वच्छ दिसलं. जे दिसलं, त्याला उशीर झाला होता. मला रडू आवरेना. बाईंनीच विचारलं, "नीट दिसलं का?"

"लख्ख, बाई."

"मग झालं तर. तुमी बसला म्हनून, भाऊ. एकटीला न्हाय पिववत ते."

दिवाळीच्या आत बाई गेल्या.